सर्व्हरच्या मेमरीत सापडलेलं माझं वाक्य

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हा माणूस स्वतःला बिचारा ठरवतोय. मी एका मुलीचं नाव खराब केलं, त्यामुळे तिचं काम गेलं, आणि हे सगळं मी डोकं ठिकाणावर असताना केलं.

दुसरी गोष्ट – असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी जेवणानंतर फोनवर वाचायचो, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि हसायचो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. काही बिघडलं तर त्याला कारण असतंच, शोधणारा आळशी असतो इतकंच, असं मी हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवत आलो. आज ते वाक्य उच्चारायची मला हिंमत होत नाही.

यवतमाळला आर्णी रोडवर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. तिघं होतो आम्ही – मी, संतोष आणि प्रज्ञा. संतोष दारव्ह्याचा. प्रज्ञा बाभुळगावची, रोज जाऊन-येऊन करायची. आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शहरातली एक पॅथॉलॉजी लॅब. दारव्हा आणि आर्णीच्या सेंटरांवरून रक्ताचे नमुने दुपारपर्यंत तिथे यायचे आणि आमच्या सर्व्हरवरून रिपोर्ट निघायचे.

आता माझा पहिला आळस. सर्व्हर हा स्वतंत्रपणे बसवून चालवायचा असतो. मी तसं केलं नव्हतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रोग्राम लिहितो – त्याला आयडीई म्हणतात – तेच लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं आणि त्यातूनच सर्व्हर चालवत होतो. हिरवं बटण दाबलं की चालू. काही अडलं तर तिथेच कोड बदलता येतो, म्हणून सोयीचं. तुमच्यात कोणी या धंद्यातलं असेल तर त्यानं आत्ताच कपाळाला हात लावला असेल.

पावसाळा संपता संपता डेंग्यूचे पेशंट वाढले आणि सर्व्हर पडायला, म्हणजे मधेच बंद व्हायला लागला. ऐन गर्दीत स्क्रीनवर लाल ओळी... ‘आउट ऑफ मेमरी’. नेमका त्याच सुमारास प्रज्ञानं लिहिलेला रिपोर्टचा नवा भाग आम्ही चालू केला होता.

लॅब ज्यांची, त्या डॉक्टरांचा फोन यायचा.

“अहो सर, लोक उपाशीपोटी रक्त देऊन बसून राह्यले इथं. आर्णीहून एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली. तिले काय सांगू मी? कॉम्प्युटर झोपला?”

मी गेलो, मेमरीची मर्यादा दुप्पट केली. पुन्हा पडला. आणखी वाढवली. तरी पडला. मग मी निष्कर्ष काढला – एवढी मेमरी देऊनही पुरत नाही, म्हणजे नवा कोडच ती खातोय.

प्रज्ञा माझ्यासोबत लॅबमध्ये होती. म्हणाली, “सर, एकदा डंप घेऊ या ना. मेमरीत काय भरून राह्यलं ते दिसून जाईल. माझं असलं तर मी आजच बसून दुरुस्त करते.”

डंप म्हणजे सर्व्हरच्या त्या क्षणीच्या मेमरीची एक फाइल निघते. ती उघडली की आत काय काय साठलंय ते वाचता येतं. अगदी बरोबर सल्ला होता. पण रिसेप्शनपाशी सगळे बघत होते आणि माझा घाम निघत होता.

“पेशंट दारात बसले अन् तुले अभ्यास सुचून राह्यला?” मी सगळ्यांसमोर म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, “हा भाग कोणी लिहिला?”

मी तिचं नाव घेतलं. तेवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी कीबोर्डकडे.

डॉक्टर म्हणाले, या मुलीचा हात माझ्या लॅबला पुन्हा लागायला नको. आणि मी तिला सांगितलं की लॅबचं काम नसेल तर तुझ्यासाठी माझ्याकडे दुसरं काम नाही. मी तिला काढलेलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो.

पण इथपर्यंतचं एक वेळ माफ होईल. खरी लाज पुढे आहे.

तिच्या शेवटच्या आठवड्यात, वेगळ्याच कामासाठी, मी ऑफिसमधून लॅबच्या कॉम्प्युटरला जोडून सर्व्हर सुरू करण्याचं सेटिंग उघडलं. पाहतो तर सर्व्हरची मर्यादा पहिल्या दिवशी होती तेवढीच! मी वाढवलेली मेमरी गेली होती आयडीईला. आयडीई आणि सर्व्हर म्हणजे एकाच आवारातली दोन घरं, पाण्याच्या टाक्या वेगवेगळ्या. शेजारचं घर कोरडं पडलेलं, आणि मी आपली स्वतःचीच टाकी मोठी करत बसलो होतो. नवशिक्याची चूक. मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली, आणि सर्व्हर पडायचा थांबला.

प्रज्ञा तेव्हा बाजूच्या टेबलवर बसून संतोषला काम समजावून देत होती. मी मान वळवून बोललो असतो तरी पुरे होतं.

मी बोललो नाही. ती गेली त्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून डॉक्टरांना फोन केला. जिन्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, “तिचा कोड काढून टाकला डॉक्टर, आता... आता काही होत नाही.” मधेच खालच्या दुकानात ट्रकच्या टायरमधून फाटकन हवा सुटली आणि मी दचकलो, म्हणून ‘आता’ दोनदा आलं. तिचा कोड मी काढलाच नव्हता. तो तसाच चालू होता. आजही चालू आहे.

काही महिने सुखात गेले. मग एकदा चहा पिताना संतोष म्हणाला, “प्रज्ञाचं कॉलेजातल्या नोकरीचं झालं नाही सर. कॉलेजवाल्याइनं लॅबच्या डॉक्टरायले विचारलं म्हणे, का बावा पोरगी कशी आहे. आता बाभुळगावात ऑनलाइन फॉर्म भरून देते.”

मी “हो का” म्हटलं आणि बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला.

त्यानंतर सर्व्हर पुन्हा पडायला लागला. आणि आता ते चमत्कारिक होतं. उन्हाळा होता, पेशंट मोजके. लॅब बंद असायची त्या रविवारीही पडायचा. मी मेमरी वाढवली – या वेळी योग्य जागी, खात्री करून. जेवढी देईन तेवढी भरायची. शेवटी, प्रज्ञानं सांगितलेलं काम मी इतक्या उशिरा केलं. डंप घेतला, ऑफिसला आणला, आणि भरदुपारी कूलरसमोर बसून संतोष आणि मी तो उघडला.

अशा फाइलमध्ये काय असतं? पेशंटची नावं, तारखा, तपासण्यांची नावं. आमचं सगळं काम इंग्रजीत, मराठीचं एक अक्षरही त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. पण स्क्रीनवर मराठी होतं. एकच ओळ. खाली सरकवलं – तीच. आणखी खाली... तीच. सगळी मेमरी तिनंच भरलेली.

संतोषनं ती मोठ्यानं वाचली. “तिचा कोड काढून टाकला डॉक्टर, आता आता काही होत नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हे कोनं लिवलं सर? अन् तिचा म्हंजे कोनाचा?”

कूलरचा वारा अंगावर होता तरी माझ्या पाठीवरून घाम उतरत होता. ‘आता’ दोनदा होतं. लिहिणारा माणूस असं लिहीत नाही. तसं फक्त मी बोललो होतो, एकदाच, जिन्यात.

आम्ही संपूर्ण कोड शोधला. डेटाबेस शोधला. ते वाक्य कुठेच नव्हतं. डंप दुसऱ्या टूलमध्ये उघडला, तिथेही तेच. तुम्ही म्हणाल कॉल रेकॉर्ड झाला असेल. माझ्या फोनमध्ये ती सोय चालू नव्हती, डॉक्टरांच्याही नाही, मी नंतर विचारून घेतलं. आणि फोनवरचं बोलणं सर्व्हरच्या मेमरीत जाणार कुठल्या वाटेनं? कोणी खोड काढली म्हणावं, तर ते वाक्य माहीत असलेली माणसं दोनच, डॉक्टर आणि मी.

ती फाइल मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली. भीतीनं नाही, लाजेनं. त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही. संतोष आहे. तो म्हणतो, “आपन दोघायनं पाह्यलं सर. मी तं नाही म्हननार नाही.” पुढे सर्व्हर मी नीट, आयडीईच्या बाहेर बसवला, त्यामुळे पडणं नेमकं कशानं थांबलं हेही मला सांगता येत नाही. खूप विचार केला. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही.

त्या आठवड्यात मी बाभुळगावला गेलो. प्रज्ञाच्या आईनं दार उघडलं. मी नाव सांगितलं तशी तिनं खुर्ची पुसून पुढे केली.

“या सर, बसा. सापडलं ना घर? पोरगी लय नाव घेते तुमचं. तुमच्याकडं खूप शिकाले भेटलं म्हनते. काम कमी झालं त्याले तुमी तरी काय करसान?”

घरी तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मी चहा घेतला.

प्रज्ञा फॉर्मच्या दुकानातून आली आणि मला सोडायला रस्त्यापर्यंत चालत आली. “खरं सांगा सर, कायले आलते?”

मी सांगितलं. सेटिंगचं, फोनचं, सगळं.

ती म्हणाली, “मले माहीत होतं.”

“कसं?”

“सर्व्हर पडणं थांबलं तेव्हा मी बाजूलेच बसली होती ना. माझा कोड तर तसाच चालू होता. संतोषले तोच तर समजावून राह्यली होती.”

“मग बोलली काहून नाही?”

“तुम्ही बोलसान म्हणून थांबली होती.”

समोरून काळीपिवळी जीप गेली, तिचा धुरळा खाली बसला. मग डंपचं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर हसेल. तिनं विचारलं, “डंप ठेवला का?”

“पुसला.”

“कायले पुसला सर? पाहाले पाह्यजे होता.” तिचा चिडलेला सूर ऑफिसात असायचा तसाच होता. मी हात जोडायला गेलो तर ती मागे सरकली. “इथं रस्त्यावर नको. माझं नाव तुम्ही लॅबमध्ये घेतलं होतं, सगळ्याइसमोर. तिथंच बोला. मी येते.”

लॅबचं काम गेलं तर माझं ऑफिस फार दिवस चालणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही.

ती सकाळच्या गर्दीच्या वेळी लॅबमध्ये आली. बाकावर माणसं कोपरात कापूस दाबून बसली होती. डॉक्टर बाहेर आले, तिला पाहून कपाळाला आठी पडली. “ही कशाला, सर?”

मी उभा होतो तिथूनच म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “डॉक्टर, सर्व्हर माझ्या चुकीनं पडत होता. मेमरी मी भलत्याच जागी वाढवली होती. हिच्या कोडमध्ये काहीच खराबी नव्हती. मी तो काढला नाही, तुमचे आजचे रिपोर्टही त्यातूनच निघून राह्यले. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही कॉलेजवाल्यांना जे सांगितलं ते माझ्या खोट्यावरून सांगितलं, आता त्यांना खरं कळवा. माझं काम ठेवायचं की काढायचं ते नंतर ठरवा.”

रिसेप्शनची मुलगी नाव पुकारायची थांबली होती. मी प्रज्ञाकडे वळलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“प्रज्ञा, तू डंप घ्या म्हणत होती, तेव्हा तुझं बरोबर होतं. मले कळलं तेव्हाही मी गप राह्यलो, अन् वरून खोटं बोललो. तुझं नाव मी खराब केलं. माझं चुकलं. मले माफ कर.”