बुटक्यांचा गट भरला

अख्ख्या ग्वातेमालात रिकाम्या चौकटीला एवढी भिणारी बाई दुसरी नसेल. एलुविया कॉम्प्युटरवर पोट भरते. सिस्टरांच्या शाळेतली, माझ्यासारखीच. तिथे उत्तराची जागा कोरी दिसली की छडी. पाहुणा आला की ती आधी त्याच्या हातात कप देते, मग विचारते, कॉफी घेणार का?

यंदा गुड फ्रायडेला मारियामातेच्या पालखीला खांदा देणाऱ्या बायकांची नोंदणी तिच्या वेबसाइटवर झाली. नाव लिहायचं आणि यादी उघडून खांद्याची उंची निवडायची. गट उंचीप्रमाणे पाडतात, नाहीतर माता घसरून भक्तांच्या अंगावर यायची. यादीच्या तोंडाशी 'अजून निवडलं नाही' अशी कोरी ओळ एलुवियाने ठेवलीच नाही. सगळ्यांत कमी उंची आधीच निवडलेली. ज्यांनी यादीला हात लावला नाही, त्या सगळ्या बुटक्या ठरल्या.

शेजारची कासिल्दा मात्र खरोखरच बुटकी. नवरा दुसरीबरोबर पळाला, तेव्हापासून ती मातेचे आभार मानायला दरवर्षी खांदा देते. तिला निरोप आला, गट भरला, यंदा जागा नाही.

ती एलुवियाच्या दारात उभी राहिली. "माझ्याहून बुटक्या एवढ्या बायका गावात? कुठे लपवल्यास गं?"

एलुवियाने गट उघडला. वरच तिचं स्वतःचं नाव. ही बाई दारातून वाकून येते!

मी तिथेच कप धरून बसले होते. म्हटलं, "मग खोट्या काढून टाक की."

"ओळखू कशा, एमेरीताबाई? खरी बुटकी आणि यादी न उघडलेली, दोघी सारख्याच दिसतात. कोरं ठेवलं असतं तर कळलं असतं."

मग एलुवियाने एकेकीला फोन लावायला सुरुवात केली.

"ताई, तुमचा खांदा जमिनीपासून किती उंच?"

"का गं, शवपेट्या विकतेस?"

दुसरी म्हणाली, "चुलीवर खारा मासा आहे, खांदा संध्याकाळी मोजते."

शुक्रवार उजाडेपर्यंत उंच बायका उंचांत गेल्या आणि कासिल्दाला जागा झाली. उंचांचा गट मात्र काठोकाठ भरला, म्हणून एलुवियाने स्वतःचं नाव काढलं. कासिल्दाची पर्स धरून ती पालखीच्या बाजूने चालली.

खरं सांगायचं तर दांडा कासिल्दाच्या खांद्याला टेकलाच नव्हता. मध्ये चांगली वीतभर हवा.

एलुविया वाकून म्हणाली, "जड होतंय का, मावशी?"

"फार गं," कासिल्दा डोळे मिटून म्हणाली, "पण सोडवत नाही."