मासळीची सवय लागलेली गाडी

गिरजाबाई गाडी चालवायला शिकली ती तलावात. म्हणजे उन्हाळ्यात तलाव आटल्यावर, त्याच्या भेगाळलेल्या बुडात. नवरा उमाजी शेजारी बसून ओरडायचा आणि ही पिकअप गोल गोल फिरवायची. धडकायला तिथे एक झुडूपसुद्धा नव्हतं, म्हणून गाडीही वाचली आणि संसारही. तलावाच्या पाळीवरून घसरून उमाजीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण उजवा पाय ब्रेकवर जोर धरेना. ढिवराच्या घरची गाडी दारात उभी राहिली तर पकडलेली मासळी बाजारात नेणार कोण? तेव्हा गिरजाबाईनं पदर खोचला आणि स्टेअरिंग धरलं.

पोंभुर्ण्याच्या बाजारात आधी लोक हसले. मग मासळी रोज वेळेवर यायला लागली, तसं हसणं आटलं. हसला नाही तो एकटा उमाजी, कारण त्याला हसायची सवडच नव्हती. दिवसभर तो ओसरीत बसून सणाची दोरी वळायचा, जाळी विणायचा आणि बायकोच्या चालवण्यातल्या चुका काढायचा. तिन्ही कामांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. गाडी अंगणात क्षणभर चालू राहिली की ओसरीतून आवाज यायचाच, "बंद कर! डिझेल फुकट जळून राह्यलं!"

यंदा उन्हाळा लागला आणि गाडी बिघडली. रस्त्यावर पळताना ठीक, पण एक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिन हिवताप भरल्यासारखं थडथडायचं. मध्येच मिसिंग करायचं, कधी बंदच पडायचं. चंद्रपूरच्या एका गॅरेजवाल्यानं फिल्टर बदललं, कान लावून ऐकलं आणि पंप, नोझल, सगळं इंजिनच खोलावं लागेल म्हणाला. उमाजीला तर आयतंच कोलीत सापडलं. "बाईच्या हातानं इंजिन खाल्लं," असं त्यानं पाहुण्यारावळ्यांपासून किराणा दुकानापर्यंत सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शेवटी त्यानं राजुऱ्याच्या वामनरावांना निरोप धाडला. वामनराव जुन्या गाड्या घ्यायचे. संध्याकाळी येऊन पाहतो, पटली तर घेऊनच जातो, असं त्यांनी कळवलं.

गाडी गेली की आपण परत दुसऱ्याच्या धुऱ्यावर मजुरीनं धान रोवण्याला जाणार, हे गिरजाबाईला कळत होतं. कष्टाचं तिला काही नव्हतं. पण 'गाडी खाल्लेली बाई' म्हणून जायचं, हे तिला सोसवेना. सकाळी उमाजीला न विचारताच तिनं चावी उचलली आणि पोंभुर्ण्याला दसरू मेकॅनिककडे गाडी नेऊन उभी केली.

"दसरूभाऊ, आजच्या आज सांगा. इंजिन गेलं का नाई गेलं?"

दसरू तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून काम करायचा, त्यामुळे बोलणं कमी. त्यानं गाडी चालू ठेवली आणि नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. जी नळी ढिली करावी तिचा ठोका बंद पडायचा, आवाज बदलायचा. नट आवळला की पहिल्यासारखा.

"सारेच नोझल काम करून राह्यले," तो थुंकून म्हणाला. "एक मेलं असतं त त्याची नळी ढिली करून फरक नसता पडला. इंजिन नाई गेलं बाई. डिझेलच बराबर नाई पोचत."

मग त्यानं फिल्टरजवळ हातभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन सुरू केलं. नळीतून डिझेल वाहू लागलं आणि त्यात बुडबुडे. बारीक, एकामागून एक.

बुडबुडे गिरजाबाईला शिकवायला नकोत. गढूळ पाण्यात बुडबुडा उठला की खाली मरळ कुठे बसली आहे ते ती काठावरून सांगायची. "हवा घुसून राह्यली," ती म्हणाली.

"हो. पण कुठून? डिझेल बाहेर सांडत असतं त दिसलं असतं. इथी त पंप हवा आत ओढते, बाहेर थेंब नाई." दसरूनं हाताला लागतील ते सगळे जोड आवळून पाहिले. बुडबुडे हटेनात.

गिरजाबाई जरा घुटमळली. एक गोष्ट तिच्या मनात कधीची होती, पण सांगायची लाज वाटत होती. "भाऊ, हसू नका. उन्हाळ्यात मासळी रोज नसते. लग्नाच्या बिछायतीचं सामान नेते त गाडी थडथडते. पण कुठी तलाव आटवला अन् मासळी भरली, का त्या दिवशी गाडी चांगली चालते."

दसरू हसलाच. "गाडीले बी मासळीची सवय लागली म्हना!"

"हसा. पण मासळीच्या दिवशी काय वेगळं असते? बरफ." ती गाडीच्या मागच्या, माल भरायच्या डाल्याकडे बघत राहिली. बर्फाचं पाणी डाल्याच्या फटीतून दिवसभर खाली टपकायचं. धान्य, मांडव, भांडी नेताना खालचं सगळं कोरडं. तिनं आणखी विचार केला नाही. हौदातून बादली भरली आणि डाल्यात ओतली. मग दुसरी, मग तिसरी. दसरू कमरेवर हात ठेवून बघत होता. काही वेळ काहीच झालं नाही. मग नळीतले बुडबुडे विरळ झाले, विरळ होत होत थांबले आणि इंजिनची थडथड उतरली.

दसरूनं खर्रा थुंकून टाकला आणि पाना घेऊन वाकला. पण त्याच्या आधीच गिरजाबाई लुगड्याचा घोळ आवरून गाडीखाली सरकली होती. पाणी टपकत होतं तिथे, टाकीजवळच्या डिझेलच्या रबरी पाइपावर, बोटांनी चिखल आणि माशांचे खवले खरवडले. क्लिप असायला हवी त्या जागी ओली दोरी होती. सणाची, हातानं वळलेली, जाळ्याच्या काठाला बांधतात त्या गाठीची.

ही गाठ कोणाची, हे तिला विचारावं लागलं नाही. दसऱ्याला उमाजी गाडी धुवायला बसला होता. क्लिप गंजून तुटली असेल, त्यानं बांधली असेल आणि विसरलाही असेल. दोरी बांधणं त्याच्या लेखी श्वास घेण्यासारखं. हिवाळाभर मासळीच्या पाण्यानं सण फुगून गाठ आवळलेली राहिली. उन्हाळ्यात वाळली, पीळ सैल झाला. काखेत कळसा आणि चंद्रपूरला वळसा! गाडीखाली पडल्या पडल्या गिरजाबाईला असा संताप आला, की तिनं नवऱ्याला तिथूनच दोन शिव्या हासडल्या. दसरूनं न ऐकल्यासारखं केलं. दोरी कापून तिनं मुठीत घेतली आणि दसरूनं नवी क्लिप आवळली.

परतीच्या वाटेवर वामनरावांसमोर काय काय बोलायचं ते तिनं रचून ठेवलं. एकेक वाक्य धार लावून. अंगणात आली तेव्हा वामनराव बाजेवर बसले होते. तिनं गाडी चालूच ठेवली. इंजिन शिलाई मशीनसारखं एका लयीत चालत होतं. उमाजी काठी टेकत उठला, जवळ आला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला.

"काय निंघालं?"

त्याचं ते उभं राहणं पाहून रचलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं. तिनं मूठ उघडून गाठ त्याच्या हातावर ठेवली.

उमाजीनं ती अंगठ्यानं चोळली. "माही हाय."

"डिझेलच्या पाइपावर होती. सुकली, अन् हवा घुसली."

"ओल्यात माही गाठ हालत नाई."

"मी गाडी तलावात नाई चालवत जी."

"शिकली त तलावातच," उमाजी म्हणाला. वामनराव खो खो हसले, उमाजीही हसला. मग हसू थांबवून तो पाहुण्याकडे वळला. "वामनराव, तुमाले फुकटचा फेरा पडला. गाडी विकाची नाई. मी साऱ्या गावाले सांगतलं का बाईच्या हातानं इंजिन खाल्लं. बाईच्या हाताचा दोष नोता. माह्या हाताचा होता. हे बी आता मीच सांगन."

गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी वाचल्यापेक्षा तिला याचंच सुख वाटलं. पाहुण्यासमोर डोळे पुसायला नकोत म्हणून ती लगबगीनं चहा ठेवायला आत गेली.

गाडी अंगणात चालूच राहिली. आधण उकळलं, चहा झाला, कपांत गाळून झाला. बाहेरून उमाजीची "बंद कर" अशी हाक काही आली नाही.