ताल ओढणारी लाइन

माझी आत्या तिरुवैयारूला गाणं शिकवते. तिची एक शिष्या लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हापासून तिची शिकवणी कॉम्प्युटरवर चाले. त्या मुलीचा पहिला कार्यक्रम जवळ आला तेव्हा आत्यानं मला तंजावूरहून बोलावून घेतलं. मी कॉलेजातले सर्व्हर सांभाळते.

"पोरगी ताल ओढते," आत्या म्हणाली. "काल रागावले, तर रडली. आता हिला शिकवणंच बंद करावं म्हणते मी."

शिकवणीच्या वेळी मी शेजारी बसले. आत्या मांडीवर थाप देई, त्यावर मुलगी गाई. कधी मागे पडे, कधी घाईनं पुढे येई. मी लॅपटॉपवर पिंग लावलं, म्हणजे इवलासा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळतं. आकडे मधूनच भलतेच उसळत होते. केबल बदलली, वाय-फाय बंद केलं, तरी तेच. मला बसवेना. खोलीत येरझाऱ्या सुरू झाल्या.

"बैस की गे, मला गरगरतं!" आत्या ओरडली.

आतल्या खोलीत आतेभाऊ लग्नाचे व्हिडिओ गिऱ्हाइकांना पाठवत होता. त्याला थांबायला सांगितलं आणि आकडे खाली आले. त्याचे व्हिडिओ मोडेममध्ये रांग लावून बसत, त्यामागे आत्याची थाप अडके. मुलगी ती उशिरा ऐके आणि उशिरा गाई.

घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्स प्रणाली टाकली आणि तो मोडेम नि घर यांच्यामध्ये बसवला. आवाजाला आधी वाट, व्हिडिओ मागून. पहिल्या प्रयत्नात सगळंच बंद पडलं.

"अक्का, नेट गेलं!" आतून हाक आली.

दुसऱ्यांदा जमलं आणि शिकवणी पुन्हा जोडली गेली. मग मी आत्याला सांगितलं, "परदेश लांब आहे. थोडा उशीर राहणारच. ताल तिचा तिलाच धरू दे."

मुलगी स्वतःच थाप देत गाऊ लागली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. माझी नजर आकड्यांवरून हलेना.

"थांब. चुकलीस," आत्या म्हणाली.

आकडे मात्र जागच्या जागी होते.

"ही चूक तुझी. कालची तुझी नव्हती, उगीच बोलले तुला. चल, परत म्हण."

पलीकडे मुलगी हसली आणि पुन्हा गाऊ लागली.

कार्यक्रम छान झाला. आत्यानं फोनवर ते सांगितलं तेव्हा मी कॉलेजात एका अडून बसलेल्या सर्व्हरपुढे उभी होते. खुर्ची शेजारीच होती, पण बसावंसं वाटत नव्हतं.