टेंगळाचं वजन

सुतारकाकांनी चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, पण लाकडाने त्यांची फजिती केली ती साठी उलटल्यावर. झालं असं, की अक्काच्या अंगणातलं झाड कललं आणि तोडावं लागलं. अक्का म्हणजे थोरली बहीण. आईमागे यांना वाढवलं तिनेच. बुंध्यावर कमरेइतक्या उंचीला एक भलं मोठं टेंगूळ होतं. जाता-येता ती त्यावर हात टेकायची.

"त्याची मूठ करून दे माझ्या काठीला," ती म्हणाली. "आणि लवकर कर रे बाबा, पिकलं पान आहे मी."

टेंगळाचं लाकूड दिसायला देखणं, पण महा तिरसट. रेषा चहूकडे फिरलेल्या. घाईने वाळवलं की मनाला येईल तिकडे वळतं. हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण मायेपोटी माणूस अक्कल गहाण टाकतो. मुठीएवढे चार ओले तुकडे कापले आणि दोन थेट उन्हात पत्र्यावर ठेवले. आठवड्यात एक वाकडा झाला, दुसरा तडकला. काका घरभर करवादत फिरले.

सून नर्स. तिला लाकडातलं ओ की ठो कळत नाही, हे काकांचं ठाम मत.

"बाबा, वाळलं हे कळतं कसं?" तिने विचारलं.

"ठोकून. आवाजावरून."

"त्यापेक्षा वजन करा की. आम्ही बाळांचं करतो ना, तसं. बाळाचं वाढायला हवं, याचं उतरायला. उतरायचं थांबलं की वाळलं!"

"मोठी आली शिकवणारी," काका पुटपुटले. पण उरलेले दोन तुकडे सावकाश वाळावेत म्हणून त्यांना मुकाट्याने सगळीकडून मेण लावलं, कागदी पिशवीत घालून पलंगाखाली सारलं. दर रविवारी सून स्वयंपाकघरातला काटा काढायची आणि पिशवीवर आकडा लिहायची.

सहाव्या महिन्यात अक्का घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. काकांनी करवतच उचलली.

सून आडवी आली. "अजून उतरतंय, बाबा. आत्ता मूठ केलीत तर काठी हातात असतानाच ती तडकेल. पडतील त्या."

"आणि तोवर अक्का थांबली नाही तर?" करवत तशीच धरून काकांनी विचारलं.

"थांबतील. मी आहे ना."

त्या दिवसापासून ड्युटी संपली की ती अक्काकडे जायची. औषध द्यायची, पाय चोळायची, धरून चार पावलं चालवायची. एक दिवस चुकवला नाही तिने.

नवव्या महिन्यात सलग तीन रविवार काटा एकाच आकड्यावर थांबला. काकांनी मूठ घडवून काठीला बसवली. केसभरही वळली नाही.

अक्काने ती हातात घेतली, अंगठा फिरवला आणि दारापर्यंत एकटी चालून आली. "हात सोन्याचे आहेत रे तुझे!"

"माझं कसलं डोंबल," काका म्हणाले. "मी दोन तुकड्यांची वाट लावली होती. लाकूड हिनं राखलं, अक्का. आणि तुलाही हिनंच."

"मग मला काय सांगतोस? ती तिथे उभी आहे, तिला सांग."

सात वर्षांत काका सुनेशी कधी गोड शब्द बोलले नव्हते. ते तिच्याकडे वळले.

"पोरी," ते म्हणाले, "तू या घरात आलीस, हे माझं नशीब गं."