काका ‘जातो’ म्हणाले

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करून ‘कसे आहात?’ विचारायचं काम आता यंत्र करतं. आवाज गोड, कंटाळा माहीत नाही. उत्तर ऐकून ते नावापुढे ठिपका टाकतं. लाल असेल तर घरी माणूस पाठवायचा, पिवळा असेल तर पुन्हा फोन. हिरव्याचं काही करायचं नाही.

हे ‘काही करायचं नाही’ ज्यांना जमत नाही, त्यांना ऑफिसात कानसेनबाई म्हणतात. वय छप्पन्न, उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. यंत्राने केलेल्या शंभर कॉलपैकी दहा ऐकून तपासायचे, एवढंच त्यांचं काम. त्या चाळीस ऐकतात आणि डबा गार खातात.

या महिन्यात त्यांनी हिरव्या ठिपक्याच्या दोन घरी माणूस पाठवला होता. दोन्हीकडे सगळं ठीक. एका आजींनी दारातूनच सुनावलं, “मेले नाही अजून, सवडीने या.” तिसरी फेरी फुकट गेली तर कपाटं लावायला बसवू, असं साहेबांनी लेखी दिलं होतं.

मंगळवारी सव्वानऊला त्यांनी टेलरकाकांचा कॉल ऐकला. काका एकोणऐंशीचे, तिसऱ्या मजल्यावर एकटे. झोप? “छान.” जेवण? “वेळेवर.” काही त्रास? “अजिबात नाही. बरंय, जातो.” हिरवा.

बाईंनी मागचे अकरा दिवस काढून ऐकले. अकराही दिवस काका यंत्राला न चुकता म्हणाले होते, “बरंय, येतो.” निघणारा माणूस ‘येतो’च म्हणतो. कुणी ‘जातो’ म्हटलं तर घरातलं मोठं माणूस तिथल्या तिथे अडवतं. यंत्राच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच : बोलणं संपलं.

त्या साहेबांकडे गेल्या.

“एका शब्दासाठी माणूस पाठवू?”

“रोजचा शब्द बदललाय, साहेब. तुमच्या वडिलांनी असं म्हटलं तर?”

“माझे वडील मला सरळ ‘नीघ’ म्हणतात. बाई, यंत्र चुकतं. शंभरात तीनदा. तुम्ही दोनात दोनदा.”

हिशेब बिनचूक होता. जीभ घसरूही शकते, हे बाईंनाही कळत होतं. हिरव्या नावाला फोन लावायची सोय नव्हती. माणूस पाठवून चूक झाली तर ती सगळ्यांना दिसणार होती. न पाठवून झालेली कुणालाच नाही. माणूस पाठवायच्या फॉर्मवर कारणांची यादी होती : पडणे, धाप, गोंधळ, इतर. त्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं, ‘येतो म्हणाले नाहीत.’

घरोघर स्कूटरवर जाणाऱ्याला ऑफिसात फेरीवाला म्हणतात. त्याचा फोन यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर बाईंनी पेनचं टोपण चावून चपटं केलं.

“ठणठणीत आहेत. चिडलेत. दार अर्धंच उघडलं.”

“आत काय दिसतंय?”

“काही नाही. शिलाई मशीन झाकलेलं. टेबलावर किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.” त्याने आवाज खाली आणला. “फारच आवरलेलं आहे, बाई.”

“तिथून हलू नकोस. चहा माग.”

“ते कसले देतायत!”

“मग शर्टाचं बटण तोड आणि लावून द्या म्हण.”

फोन चालूच होता. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, “हे कुठल्या गाढवाने लावलं होतं? दोऱ्याला गाठसुद्धा नाही! आत ये, उजेडात.”

बाईंनी दुसऱ्या फोनवरून काकांच्या पुतणीला गाठलं. दुपारी ती मुक्कामाच्या तयारीने आली. नोंदीत मात्र आलं : ‘घरी सर्व ठीक. फेरी निष्फळ.’ चिठ्ठ्या बांधलेल्या किल्ल्यांसाठी यादीत रकाना नाही.

ऐकण्याच्या टेबलावरचा बाईंचा शेवटचा दिवस बुधवार ठरला. त्यांनी पहिला कॉल काकांचा ऐकायला घेतला. झोप, जेवण, त्रास, सगळं कालच्यासारखंच. मग “बरंय” आणि चार सेकंद काहीच नाही. बाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

“तो बटणवाला आज येणार आहे का?”

“माफ करा, मला समजलं नाही,” यंत्र म्हणालं आणि हिरवा ठिपका टाकला.

बाईंनी हेडफोन काढले. फेरीवाला दारात हेल्मेट चढवत होता.

“अरे, थांब. आजच्या शर्टाला बटणं किती आहेत?”