वरच्या मजल्यावरचे काका आणि अननस

घोडबंदर रोडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. दार उघडलं की ते थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरतात. "वहिनी, ती तेलाची बाटली आधी आत ठेवा," असं आईला बजावतात.

बाबांच्या बायपासनंतर तर त्यांना चेवच आला. दर रविवारी अननस, पपई आणि स्वतःचा ग्रिलचा तवा घेऊन हजर! "अगं, कॅरिबियन पद्धत आहे, चमचाभर तेलात होतं," असं मला म्हणत लिंबू-मिरचीत मुरवलेलं चिकन भाजायचे. घरभर धूर, ओट्यावर चिकट रस. आणि बाबा? ते ऑपरेशनपासून जेवणावरच रुसलेले. ताट सरकवून द्यायचे.

शेवटी परवा मी म्हणाले, "काका, आता पुरे. बाबा खात नाहीत."

काका अननसाबरोबर भाजलेला चिकनचा एक तुकडा घेऊन बाबांसमोर बसले. "खाऊ नका हो. नुसतं मीठ बरोबर आहे का, तेवढं सांगा."

बाबांनी चाखलं. "कमी आहे," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "अजून एक द्या."

माझे डोळे भरून आले. पण हा माणूस आता जन्मभर दर रविवारी येणार, हेही तेव्हाच कळून चुकलं.