मिस्टर आहो

“आई, धिस इज अ बॅड आयडिया,” लेक फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती. मी ऐकलं नाही. यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी एक भलंमोठं नाव देऊन वर्ष होत आलं होतं आणि मला ते नाव मान्य नव्हतं. कनाटा गावातल्या टेलिकॉम कंपनीत उभा जन्म काढलेला माणूस, चष्मा फ्रिजमध्ये ठेवला म्हणून लगेच कामातून गेला? डॉक्टरच म्हणाले होते की अंगवळणी पडलेल्या गोष्टी सगळ्यांत शेवटी जातात. आणि स्कीइंग यांच्या चांगलंच अंगवळणी पडलेलं होतं.

म्हणून मी हट्टाने यांना क्वेबेकमधल्या त्या चिमुकल्या गावात नेलं. लाकडी गॅलऱ्या, उतरती छपरं, ज्यांना स्वित्झर्लंड परवडत नाही त्यांच्यासाठी केलेली आल्प्सची नक्कल. मुलगी लहान असल्यापासून आम्ही तिथे जायचो. ते दोघं डोंगरावर, मी खाली थर्मास सांभाळत. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की ते अजून तेच आहेत.

पहिल्या फेरीत ते उतरले तेव्हा मला रडू आलं. गुडघे वाकवून, वळणं घेत, अगदी पूर्वीसारखे. मी व्हिडिओ काढून लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ.” यांनी नाक पुसत विचारलं, “आणखी एक फेरी?” मी खुशाल हो म्हटलं.

मग धुकं उतरलं. खाली येणारा प्रत्येकजण हेल्मेट आणि गॉगल घातलेला, सगळे सारखेच. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपाशी भेटायचं ठरलं होतं. बराच वेळ झाला तरी हे येईनात, तशी मी हाका मारायला लागले. “अहो! अहो!”

माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी इथे येऊन सुधारल्या, नवऱ्याला नावाने हाक मारायला लागल्या. मला कधी जमलं नाही. दवाखान्यात विचारलं तर नाव सांगते, पण यांना उद्देशून ते कधी तोंडातून निघालं नाही. त्या दिवशीही निघालं नाही. आजूबाजूची माणसं वळून बघत होती, पोरं हसत होती, आणि मी घसा फाटेस्तोवर अहो अहो करत होते.

गस्तीवरची लाल जाकीटवाली बाई धावत आली. जाकिटाचा रंग विचारला, वय विचारलं. नाव विचारायची तिला गरजच वाटली नाही. दुसऱ्या क्षणी लाऊडस्पीकर खरखरला, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत: मिस्टर आहो, तुमच्या पत्नी लिफ्टपाशी वाट पाहत आहेत. त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. वाटलं, जेवताना यांना सांगू की या वयात तुमचं नव्याने बारसं झालं. मी तिला खरं नाव सांगितलं. मग तेही पुकारून झालं.

हे सापडले ते लिफ्टच्या मागच्याच बाकावर. मध्ये फक्त एक लाकडी भिंत. स्की नीट टेकवून ठेवलेल्या, वर हातमोजे, आणि डोक्यावर तोच लाऊडस्पीकर. म्हणजे माझी एकूण एक हाक यांना ऐकू गेली होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

“अहो,” मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर ते पाहुण्यांसाठीचं हसू. बाकावर जरा सरकून जागा केली.

“बसा ना,” ते म्हणाले. “तुम्ही मराठी वाटतं? पलीकडे आपल्याकडचीच एक बाई केव्हाची हाका मारत होती. नवरा हरवलाय बहुतेक बिचारीचा.”

जन्मात कधी त्यांनी मला अहोजाहो केलं नव्हतं. मी बसले. लाल जाकीटवाली लांबून अंगठा वर करून हसत होती, काम फत्ते झाल्यासारखी. मला तिचा इतका राग आला, की काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

“सापडला का हो तिला?” यांनी काळजीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.